डॉक्टरांना घर दाखविणाऱ्या बाई



गेल्या खेपेस गोठ्यातल्या गोचिडांविषयी लिहिले होते. त्यावर पत्रांची रास पडली आहे. त्यांचा समाचार पुढच्या अंकी घेऊ. आज एका निराळ्याच पत्राचे उत्तर द्यावयाचे आहे.

पत्र पालघरकडच्या एका भगिनीचे आहे. नाव-गाव देऊ नका असे त्यांनीच बजावले आहे. त्या लिहितात, "आमच्या गावात बस भरून मुंबईची पोरे आली. अंगात पांढरे डगले. आमच्या घरी एक मुलगा नि एक मुलगी आली. घरात माणसे किती, चूल की गॅस, पाणी कुठले, संडास आहे का, असला तर वापरता का, मशेरी लावता का, धाकटे मूल केव्हा झाले, असे तासभर विचारत बसली. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, बोटाला टोचून रक्त पाहिले. सासूबाईंनी गुडघे दुखतात म्हणून सांगितले तर मुलगी म्हणते, आजी, आम्ही अजून शिकतोय, सरांना विचारून सांगते. गोळी म्हणाल तर एक दिली नाही. भातकापणी टाकून आम्ही ह्यांना चहा पाजायचा आणि शिकणार ही. ह्यात आमचे काय? पुन्हा येणार म्हणून गेलीत. घरात घ्यावीत की नाही ते सांगा."

प्रश्न रोकडा आहे, आणि बाईंचा राग गैरवाजवी नाही. कापणीच्या दिवसांत एक तास म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला कळायचे नाही. पण उत्तर माझ्यापाशी नव्हते. तेवढ्यात आठवण झाली. आमच्या पाटण भागात शेजारच्याच गावची एक लेक मुंबईला मेडिकल कॉलेजात शिकविते, राहते मुलुंडला. दिवाळीला ती माहेरी आली तेव्हा मी मुद्दाम वाट वाकडी करून तिच्या ओसरीवर जाऊन बसलो. आपले आणि कॉलेजचे नाव छापायचे नाही ह्या बोलीवर ती मोकळेपणी बोलली. गावात सगळे तिला ताई म्हणतात, आपणही ताईच म्हणू.

"ताई, तू नेमकी कसली डॉक्टर गं? हाडांची, काळजाची, की बायकांची?"

ती हसली. "तात्या, माझ्या खात्यात एक खाट नाही नि एक कात्री नाही. मी पोरांना रोग्याच्या घरी जायला शिकविते. तेवढेच माझे काम."

मला आधी ती थट्टा वाटली. घरी जायला काय शिकवायचे? पण थट्टा नव्हती.

मेडिकल कॉलेज म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येते ती चिरफाड, इंजेक्शने आणि गळ्यातली नळी. ते सारे आहेच. पण प्रत्येक कॉलेजात आणखी एक खाते असते. त्याचे जुने नाव प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र. पोरे नुसते पी.एस.एम. म्हणतात. अलीकडे पाटीवर कम्युनिटी मेडिसिन असे लिहिलेले असते. दुखणे आल्यावर काय करायचे ते बाकीची खाती शिकवितात. दुखणे आले कुठून, ह्याच घरात का आले, आणि शेजारच्या घरात जाऊ नये म्हणून काय करावे, हे ह्या खात्यात शिकवितात. डॉक्टरकीचे साडेचार वर्षांचे शिक्षण आणि त्यापुढे वर्षभर इंटर्नशिप असते. त्यात पहिल्या वर्षापासून हा विषय असतो, आणि इंटर्नशिपचे तीन महिने ह्याच खात्याकडे काढावे लागतात. ताई त्या खात्याची प्रमुख.

ही काल-परवाची टूम नव्हे. स्वातंत्र्यापूर्वी, १९४३ साली, सर जोसेफ भोर ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. तिचा अहवाल १९४६ साली आला. देशाला नुसता औषधे लिहून देणारा डॉक्टर पुरायचा नाही, समाजाची नाडी ओळखणारा डॉक्टर हवा, म्हणून प्रत्येक मेडिकल कॉलेजात असे खाते असावे, असे त्या समितीने सांगितले. पुढे खाती निघाली. विद्यार्थ्यांच्या मनात मात्र ती खाली बसली नाहीत. ताई म्हणते, "दीडशे पोरांना पहिल्या तासाला विचारते, पुढे कोण व्हायचंय? कुणाला हृदयाचा डॉक्टर व्हायचंय, कुणाला मेंदूचा. माझ्या खात्यात यायला एक हात वर होत नाही. एखाद्या वर्षी एक झाला तर मी त्याला चहा पाजते."

आता मुंबईची गोष्ट ऐका, कारण ती आपलीही आहे. मुंबईतली जुनी कॉलेजे सगळी जुन्या शहरात. ग्रँट मेडिकल कॉलेज भायखळ्याला, १८४५ सालचे. नायरचे १९२१ चे. के.ई.एम.चे, म्हणजे शेठ जी. एस. कॉलेज, परळला, १९२६ चे. सायनचे १९६४ चे. आणि माणसे कुठे राहायला गेली? उत्तरेला. अंधेरी, घाटकोपरकडची उपनगरे १९५० साली मुंबई महापालिकेत आली आणि १९५७ साली हद्द दहिसर-मुलुंडला जाऊन भिडली. गिरणगाव ओस पडत गेले तसा आपला माणूस ट्रेनच्या दोन्ही बाजूंनी वर सरकत गेला. आज आपल्या प्रत्येक वाडीतले कोणी ना कोणी घाटकोपरला असल्फाच्या डोंगरावर असेल, भांडुपला असेल, नाही तर मालाडच्या मालवणीत असेल. राजावाडी, भगवती, अगरवाल ही उपनगरांतल्या इस्पितळांची नावे आपल्या म्हाताऱ्यांनाही पाठ आहेत. उपनगरात महापालिकेचे पहिले मेडिकल कॉलेज निघाले ते जुहूच्या कूपर रुग्णालयाला जोडून, आणि तेही २०१५ साली.

म्हणजे कॉलेज एकीकडे आणि रोगाचे घर दुसरीकडे. त्यावर तोडगा असा की कॉलेजने वस्तीत जाऊन केंद्र चालवायचे. परळच्या कॉलेजचे केंद्र मालवणीत आहे. सायनचे धारावीत आहे, त्याला तिथले लोक छोटा सायन म्हणतात. पोरांनी पुस्तक परळला वाचायचे आणि त्याचा अर्थ मालवणीच्या गल्लीत समजून घ्यायचा. ताईच्या कॉलेजचीही अशी एक वस्ती आहे. मुलुंडहून पहाटेची लोकल पकडून ती आठला तिथे हजर असते, कारण पाणी सकाळी येते आणि बायका घरी सापडतात त्याच वेळी.

मी म्हटले, "एखादा दाखला दे की. नुसते शास्त्र आमच्या वाचकांना चालत नाही."

तिने दिलेला दाखला मी जसाच्या तसा लिहितो.

इस्पितळात एक रोगी होता. पस्तिशीचा, गोदामात हमाली करणारा, घाटकोपरच्या डोंगरावर राहणारा, आपल्याच घाटमाथ्याकडचा. क्षयाचे औषध सुरू झाले होते, ते त्याने मध्येच सोडले आणि रक्त पडू लागल्यावर परत आला. ताईच्या दोन विद्यार्थ्यांनी त्याची माहिती लिहून आणली. वजन, थुंकी, फोटो, सगळे बरोबर. शेवटी ओळ लिहिली होती, रोगी बेजबाबदार, औषध अर्धवट सोडले. ताईने 'बेजबाबदार' ह्या शब्दावर लाल रेघ मारली आणि म्हणाली, "आता ह्याच्या घरी जाऊन या आणि ह्या शब्दाच्या जागी काय लिहायचं ते मला सांगा."

पोरे गेली. दहा बाय बाराची खोली. सहा माणसे. खिडकीला लागून शेजाऱ्याची भिंत, म्हणजे खिडकी असून नसल्यासारखी. बायको घरी बसून खोट्या दागिन्यांचे मणी ओवते. रात्री हा मध्ये, एका बाजूला म्हातारी आई, दुसऱ्या बाजूला तीन वर्षांची मुलगी. पोरांनी बायकोला विचारले, औषध का सोडले? ती म्हणाली, सोडले कुठे, संपले. जुलैमध्ये भाताची लावणी होती. गावी धाकटा भाऊ एकटा, मजूर मिळेना, म्हणून हा महिन्याच्या गोळ्या घेऊन गेला. पावसाने मध्येच ओढ दिली, लावणी लांबली, गोळ्या संपल्या. ह्या गोळ्या मुंबईच्याच दवाखान्यात मिळतात अशी त्याची समजूत. शिवाय ताप गेला होता, भूक लागत होती, मग म्हटले झालो बरा. परत आल्यावर दवाखान्यात जायची लाज वाटली, कारण सगळ्यांदेखत बोलणी खावी लागतील ही भीती. आणि तीन वर्षांच्या मुलीला तपासले होते का? नाही. कोणी सांगितले नाही, कोणी विचारले नाही.

पोरांनी परत येऊन त्या एका शब्दाच्या जागी दीड पान लिहिले. त्या दीड पानामुळे मुलीची तपासणी झाली, तिला क्षय नव्हता, प्रतिबंधाचे औषध सुरू झाले. म्हातारीला मात्र लागण झालेली निघाली. आणि हमालाच्या अंगातले जंतू तोवर नेहमीच्या गोळ्यांना जुमानेनासे झाले होते, त्याला पुढे वेगळे आणि कडक उपचार घ्यावे लागले. तो वाचला. हमाली सुटली ती सुटलीच. सध्या एका इमारतीवर राखणदार आहे.

"तात्या, तो कागद मी जपून ठेवलाय," ताई म्हणाली. "दरसाल नव्या पोरांना दाखविते. लाल रेघेसकट."

आता सांगा, ह्या गोष्टीत दोष कुणाचा? मला तर हा दाखला ऐकताना आमच्याच भावकीतले दोन-तीन चेहरे दिसले. पूर्वी मुंबईला छातीचे दुखणे लागले की माणूस हवापालटाला गावी यायचा, आणि गावात दोन वर्षांत आणखी चार जण खोकू लागायचे. त्याच्याही आधी, १८९६ साली, मुंबईत मांडवी भागात प्लेग निघाला तेव्हा लाखो माणसे गावांकडे पळाली आणि त्यांच्या वळकट्यांबरोबर प्लेगही निघाला. मुंबई आणि आपले गाव ही दोन ठिकाणे नाहीत, एकाच घराच्या दोन खोल्या आहेत. रोगाला हे पक्के ठाऊक आहे. डॉक्टरला शिकवावे लागते.

म्हणून हे इथेच लिहून टाकतो, कात्रण काढून ठेवा. क्षयाच्या रोग्याची सरकारी दफ्तरी नोंद झाली की त्याला निक्षय क्रमांक मिळतो. तो देशभर चालतो. गावी येताना तो क्रमांक आणि औषधाचे कार्ड बरोबर आणा, निघण्यापूर्वी तिथल्या दवाखान्यात सांगा, आणि गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. औषध इथे मिळते, फुकट मिळते. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी सरकारकडून महिन्याला पैसेही खात्यात येतात. पूर्वी ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० केले आहेत. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. आणि घरात एकाला क्षय निघाला की सगळ्यांना तपासा, लहान मुलांना सर्वांत आधी.

पुन्हा ताईकडे येऊ. खातेप्रमुख म्हणजे खुर्चीत बसून सही करणारी बाई असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तिचा निम्मा दिवस विनवण्यांत जातो. बस मिळावी म्हणून कॉलेजात विनवणी. वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्याची, मंडळाच्या पोरांची, नगरसेवकाची मर्जी सांभाळायची. सर्जरीच्या सरांना सांगायचे की मंगळवारची सकाळ माझी आहे, पोरांना वॉर्डात अडकवू नका. आणि सर्वांत कठीण काम पोरांचे मन वळविण्याचे. त्यांचे डोळे पुढच्या प्रवेश परीक्षेवर. गल्लीत फिरण्यापेक्षा ग्रंथालयात बसून प्रश्नोत्तरांची पुस्तके पाठ केली तर गुण जास्त मिळतात, हा त्यांचा हिशेब, आणि हिशेब म्हणून तो चुकीचाही नाही.

मग काही हुशार पोरे काय करतात? चहाच्या टपरीवर बसून घराघरांचे फॉर्म भरतात! ताईने एकदा असा गठ्ठा पकडला. कसा? पाण्याचे साधन ह्या रकान्यात एकाने विहीर लिहिले होते, आणि त्या साऱ्या वस्तीत विहीर नाही. मला हसू आवरेना, कारण आपल्याकडे चावडीत बसून झालेली पीकपाहणी मी पाहिली आहे. उसाच्या रानात ज्वारी लागलेली आणि ज्वारीच्या रानात पड! तर ताईने काय करावे? ओरडली नाही. त्या चौघांना वस्तीतल्या एका आरोग्य सेविकेच्या हाताखाली पंधरा दिवस दिले. महापालिकेच्या ह्या आरोग्य सेविका त्याच वस्तीत राहतात, थोड्याशा मानधनावर दारोदार फिरतात. कोणत्या घरात गरोदर बाई आहे, कोणाचा नवरा पितो, कोणत्या पोराचा डोस राहिला, हे त्यांना पाठ असते. ताई म्हणते, माझ्या खात्यातल्या खऱ्या प्राध्यापक त्या. दार उघडते ते त्यांच्या हाकेने, पांढऱ्या डगल्याने नव्हे.

ह्याची किंमत २०२२ साली कळली. त्या वर्षाच्या अखेरीस मुंबईत गोवर उसळला. गोवंडीत सर्वांत जोर होता, मालवणीलाही झळ लागली, लहान मुले दगावली. गोवर काही नवा रोग नाही आणि त्याची लस काही दुर्मिळ नाही. पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान, दोन्ही फुकट. मग मुले राहिली का? करोनाच्या काळात विस्कळीतपणा झाला हे एक कारण. काही आईबापांच्या मनात लसीची भीती, हे दुसरे. तिसरे कारण आपल्या ओळखीचे आहे. सूनबाई बाळंतपणाला गावी गेली, तिथे चार महिने राहिली, परत मुंबईला आली, मग शिमग्याला पुन्हा गावी. इथली आशाताई म्हणते मूल मुंबईचे, तिथली सेविका म्हणते मूल गावचे, आणि डोस मध्येच लोंबकळतो. घरोघर जाऊन असे मूल हुडकणे हे कसल्याही यंत्राने होत नाही. पायांनीच होते. बाळाचे लसीचे कार्ड ट्रंकेच्या तळाशी ठेवू नका. ते बाळाबरोबर प्रवास करते.

एवढे ऐकल्यावर मी पालघरच्या भगिनीचे पत्र ताईपुढे ठेवले. तिने ते दोनदा वाचले. म्हणाली, "बाई खरं बोलतात. हे पत्र मी माझ्या पोरांना वाचून दाखविणार आहे, चालेल ना?" चालेल असे मी परस्पर सांगून टाकले आहे, भगिनींनी रागावू नये.

प्रकार असा आहे. वर्ध्याजवळ सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर ह्यांनी १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, मेडिकल कॉलेज काढले. तिथे नव्या मुलांना आधी आश्रमात राहावे लागते, आणि प्रत्येक वर्षाची तुकडी एक गाव दत्तक घेते. तिथे मुले मुक्काम करतात, ठरलेल्या घरांत जातात आणि पुढेही जात राहतात. बाकीच्या कॉलेजांनी ह्या रीतीचे कौतुक पुष्कळ केले, अनुकरण थोडे. २०२२ साली मात्र राष्ट्रीय वैद्यक आयोगाने देशातल्या सगळ्या मेडिकल कॉलेजांना त्याच धर्तीचा कुटुंब दत्तक कार्यक्रम लावून दिला. प्रत्येक विद्यार्थ्याकडे तीन ते पाच कुटुंबे. पहिल्या वर्षापासून त्याने त्यांच्याकडे जायचे, घरातल्या सर्वांच्या तब्येतीची नोंद ठेवायची आणि शिक्षण चालू असेतोवर संबंध ठेवायचा. मुंबईची पोरे तुमच्या ओट्यावर आली ती अशी. ती औषध देत नाहीत कारण पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोराला ते देण्याचा अधिकारच नाही, आणि तो नाही हेच बरे.

"मग त्यांचा उपयोग काय?" मी पत्रातलाच प्रश्न टाकला.

"उपयोग करून घेतला तर आहे," ताई म्हणाली. "पोरांबरोबर आमच्यापैकी एक शिक्षक असतोच. त्याचं नाव विचारावं, कॉलेजचं नाव विचारावं, फोन नंबर घ्यावा. आजीचे गुडघे वहीत लिहिलेत का ते वही उघडून दाखवायला लावावं. शिबिर कधी आहे, आजीला कुणाकडे पाठवायचं, हे पुढच्या खेपेला उत्तर घेऊन ये म्हणून सांगावं. नाही आणलं तर चहा देऊ नये! माझी पोरं चहाशिवाय वठणीवर येतात."

आणि एक गोष्ट तिने कळकळीने सांगितली. घर झाडून, उंची चादर घालून, सगळे गोड बोलून पोरांना वाटेला लावू नका. विहीर दाखवा. गोठा विहिरीपासून किती हातांवर आहे ते दाखवा. मशेरीची डबी लपवू नका. फवारणीचा पंप दाखवा, औषध कोणत्या बादलीत कालवता ते दाखवा, फवारताना तोंडाला काय बांधता ते सांगा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक माणसे गेली, शेकडो इस्पितळात पडली. ज्या डॉक्टरने फवारणीचा पंप कधी पाठीवर घेतलेला पाहिला नाही, तो उलट्या-चक्कर घेऊन आलेल्या माणसाला काल रानात काय करत होतास हे कशाला विचारील? त्याने ते विचारायला शिकावे, म्हणून त्याला आजच पंप दाखवायचा. त्याला हे पुस्तक कुठलेच कॉलेज देऊ शकत नाही. ते तुमच्या परड्यात आहे.

पोरांकडून लगेच पदरात पडेल असे कामही आहे. आपल्या पाण्याची परीक्षा करून मागा. ग्रामपंचायतीत टीसीएल पावडर येते, विहिरीत टाकली असे रजिस्टरात लिहिलेही जाते. किती टाकावी ह्याचा हिशेब मात्र अंदाजपंचे असतो. ताईने मला ओसरीवरच कोळशाने करून दाखविला. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा. त्याला पाण्याच्या खोलीने गुणा. मग ३.१४ ने गुणून चाराने भागा. आले तितके हजार लिटर पाणी. दर हजार लिटरला चांगल्या टीसीएलची अडीच ग्रॅम पूड. म्हणजे ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर, आणि पूड साधारण ७० ग्रॅम. बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरचे पाणी विहिरीत सोडून ढवळायचे आणि तासभर कोणी पाणी भरायचे नाही. मग ओ.टी. टेस्ट करायची. थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन शिल्लक आहे. पाणी पांढरेच राहिले तर पावडर कमी पडली, किंवा पावडरच जुनी होऊन मेली. उघड्या गोणीतली, दमट खोलीतली पावडर किती का टाकाना, फुकट. ही चाचणी त्या पांढऱ्या डगलेवाल्यांना यायलाच हवी. येत नसेल तर तुमच्या जलसुरक्षकाकडून ती त्यांनी शिकावी, आणि येत असेल तर सरपंचांना बोलावून त्यांच्यासमोर करून घ्यावी.

हिशेब ऐकताच आमच्या इथल्या एका मंडळींनी विचारले की आमची विहीर चौकोनी आहे, तिचे काय? लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली, तितके हजार लिटर. बाकी रीत तीच.

ताई भाऊबीज आटोपून मुलुंडला गेली. जाताना म्हणाली की येत्या मंगळवारी नवी तुकडी वस्तीत न्यायची आहे, एकशे पन्नासपैकी निम्मी पोरे आयुष्यात पहिल्यांदाच चाळीचा जिना चढतील. मी म्हटले, पडतील की! ती म्हणाली, पहिल्या दिवशी दोघेतिघे पडतातच.

तर पालघरच्या भगिनींना माझे सांगणे असे. पोरांना घरात घ्या. पण कापणीच्या दिवसांत दुपारी येऊ नका, संध्याकाळी या, असे त्यांच्या शिक्षकाला स्पष्ट सांगा. यजमान आपण आहोत, वेळ आपली. सासूबाईंच्या गुडघ्यांचे उत्तर आले की मला कळवा, आले नाही तरी कळवा. दोन्ही छापू.

गोचिडांचे पुढच्या अंकी.